हातमोज्याच्या रबरापासून जिवंत धमनीपर्यंत: मायक्रोसर्जरीचा सराव कोणत्या मॉडेलवर आणि कसा करायचा

मायक्रोसर्जरी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या आणि नसा जोडायची शस्त्रक्रिया, शिकायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सराव कशावर करू? सिलिकॉनच्या नळीवर, कोंबडीच्या मांडीवर, की थेट उंदरावर? बहुतेक जण "खऱ्या शरीराच्या जवळ जाईल ते चांगलं" असं धरून चालतात आणि घाई करतात. प्रत्यक्षात प्रत्येक मॉडेल काही चुका दाखवतं आणि काही झाकतं. ताणलेल्या रबरावर टाका तिरका गेला तर लगेच कळतं, पण मागची भिंत टाक्यात अडकणं तिथे शक्यच नाही, कारण मागची भिंतच नाही. सिलिकॉनच्या नळीत मागची भिंत आहे, पण ॲडव्हेंटिशिया (धमनीचं बाहेरचं सैल आवरण) नाही. कोंबडीच्या धमनीत दोन्ही आहेत, पण रक्त गोठत नाही. म्हणून मॉडेल निवडताना "आत्ता माझा हात जी चूक करतोय, ती यावर दिसेल का?" एवढंच विचारा. आणि जोडणी, म्हणजे कापलेली दोन टोकं टाक्यांनी जोडणं, कशावरही केलेली असो, ती उभी चिरून आतून पाहिल्याशिवाय टाकून देऊ नका. शिकणं होतं ते तिथे.

प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी, ऑर्थोपेडिक्स, ईएनटी अशा शाखांत नव्याने आलेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी हे लिहिलं आहे. टाका घालणं आणि गाठ मारणं साध्या डोळ्यांनी जमतं, असं इथे गृहीत धरलं आहे.

काय काय लागेल

- दोन डोळ्यांनी पाहायचा मायक्रोस्कोप. ओटीतला जुना मिळाला तर उत्तम. नाहीतर प्रयोगशाळेतला स्टिरिओ झूम चालतो, मात्र त्याला ०.५ पटीची जोडभिंग लावावी लागते. तिने मोठेपणा निम्मा होतो, पण भिंगाखालची जागा जवळपास दुप्पट होते. हात आणि हत्यारं मावायला निदान १५ सेमी जागा हवी.
- ज्वेलर्स फोर्सेप्स दोन: एक ३ नंबरचा, एक ५ नंबरचा.
- वाकड्या टोकाचा, लॉक नसलेला मायक्रो नीडल होल्डर. लॉक उघडताना बसणारा झटका या मोजमापात टाका फाडतो.
- मायक्रो कात्री, शक्यतो दोन: दोरा कापायला सरळ, ऊती सोडवायला वाकडी.
- दुहेरी ॲप्रॉक्सिमेटर क्लॅम्प, म्हणजे धमनीची दोन टोकं जवळ धरून ठेवणारा चिमटा. नसेल तर कॉर्कचा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि बारीक टाचण्या.
- नायलॉनचा दोरा: ८-०, ९-०, १०-० (आकडा मोठा तसा दोरा बारीक). ओटीत उघडून उरलेला किंवा मुदत संपलेला दोरा सरावाला पुरतो.
- निळ्या किंवा हिरव्या पातळ प्लास्टिकचा तुकडा, पार्श्वभूमीसाठी.
- सिरिंज, बोथट टोकाची बारीक कॅन्युला, सलाईन, लिंट न सोडणारे पुसणे.
- नोंदवही आणि मायक्रोस्कोपमधून फोटो घ्यायची काहीतरी सोय.

यूएसबीचा डिजिटल मायक्रोस्कोप किंवा मोबाइलचा कॅमेरा लावून पडद्याकडे बघत काम करता येतं का? सुई पकडण्यापुरतं येतं. पण सपाट पडद्यावर खोली कळत नाही, चित्रही किंचित उशिरा येतं, आणि हात त्या उशिराशी जुळवून घ्यायला शिकतो. ती सवय पुढे मोडावी लागते. लूप्स (चष्म्याला लावलेली भिंगं) त्यापेक्षा बरे, पण ३-४ पटींत १०-० चा टाका नीट तपासता येत नाही.

१. आधी बैठक आणि भिंग लावून घ्या

ही पायरी सगळेच उरकतात, आणि "माझा हात फार थरथरतो" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. खुर्ची अशी ठेवा की पाय जमिनीवर सपाट टेकतील आणि मान न वाकवता डोळे आयपीसला लागतील. मायक्रोस्कोप तुमच्या उंचीला आणा, तुम्ही त्याच्या उंचीला जाऊ नका. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला हवा, आणि करंगळीच्या बाजूची तळहाताची कडही टेकलेली हवी. मनगटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला की काम आणि बोटं एका उंचीवर येतात. आता हलायचं ते फक्त अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने. मनगट हवेत राहिलं तर ते कोणाचंही थरथरतं.

भिंग लावायचा क्रम असा: दोन्ही आयपीस शून्यावर आणा. आयपीसमधलं अंतर तुमच्या बाहुल्यांइतकं करा, म्हणजे दोन वर्तुळांचं एक होईल. सर्वांत जास्त मोठेपणावर जाऊन छापील अक्षर किंवा दोऱ्याचं टोक फोकस करा. मग फोकसच्या चाकाला हात न लावता सर्वांत कमी मोठेपणावर या आणि एकेक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याचं आयपीस फिरवत चित्र स्पष्ट करा. हे एकदा नीट जमलं की झूम बदलल्यावर फोकस सुटत नाही. आयपीसचे आकडे वहीत लिहून ठेवा. सामाईक मायक्रोस्कोपवर आधीच्या माणसाचे आकडे तसेच राहतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं.

मोठेपणा किती? सुई घालताना १० ते १६ पट, गाठ मारताना ६ ते १० पट, तपासताना २० ते २५ पट. नवखा माणूस सगळं २५ पटीत करायला जातो. मोठेपणा वाढतो तसं दिसणारं क्षेत्र आकसतं आणि खोलीतला स्पष्ट पट्टाही उथळ होतो. मग दोऱ्याचं टोक सारखं नजरेबाहेर जातं.

२. सुई उचलणं

टाका घालण्याआधी दोन-तीन बैठका फक्त यावर घालवा. १०-० चा दोरा २० ते २९ मायक्रॉन जाड असतो आणि त्याची सुई साधारण ७५ ते १०० मायक्रॉन. अशी सुई टेबलावरून थेट नीडल होल्डरने उचलायला गेलात तर ती वाकते किंवा उडते.

डाव्या हातातल्या फोर्सेप्सने दोरा सुईपासून २-३ मिमी अंतरावर धरा. सुई लोंबकळू द्या आणि तिचं टोक खालच्या पृष्ठभागाला हलकं टेकवा. दोरा इकडे-तिकडे सरकवला की सुई स्वतःभोवती फिरते. तिचा बाक डावीकडे तोंड करून उभा राहिला की उजव्या हातातल्या नीडल होल्डरने तिला मध्याच्या किंचित मागे, म्हणजे टोकापासून जवळपास दोन तृतीयांशावर पकडा. टोकाशी धरली तर ते बोथट होतं, दोऱ्याच्या सांध्याजवळ धरली तर सुई डोलते. नीडल होल्डर आणि सुई यांच्यात काटकोन हवा. सुई कलली असेल तर सोडून पुन्हा पकडू नका. फोर्सेप्सने तिच्या टोकाजवळ अगदी हलका स्पर्श करून ती सरळ करा.

सुई हरवली की फुंकर मारू नका आणि कपड्याने पुसूही नका. मोठेपणा सर्वांत कमी करा, हलू नका, आणि दोऱ्याचं मोकळं टोक शोधा. दोरा सापडला की सुई सापडते.

सोबत एक साधा व्यायाम: गॉजचा तुकडा टाचून घ्या आणि भिंगाखाली त्याच्या विणीतून एक भोक सोडून एक अशी सुई काढत जा. उजवीकडून डावीकडे, वरून खाली, तिरकी. सगळ्या दिशांना. गोल जोडणीत सोयीची दिशा क्वचितच मिळते.

३. हातमोज्याचं रबर

लॅटेक्सच्या हातमोज्याचा तुकडा जाड पुठ्ठ्यात कापलेल्या चौकोनी खिडकीवर चिकटपट्टीने लावा. किंचित ताण द्या, ढोलासारखा ताणू नका. जास्त ताणला की काप उघडा पडतो आणि प्रत्येक गाठ ताणाशी झगडत मारावी लागते. २ सेमीचा सरळ काप घ्या. सुरुवात ८-० ने करा, मग ९-०, मग १०-०. पहिल्या काही कापांना दोन्ही कडांवर पेनाने ठिपके काढा: कडेपासून १ मिमी आत, दोन टाक्यांत १ मिमी अंतर. ठिपक्यांवर सुई पडायला लागली की ठिपके काढणं थांबवा आणि अंतर अर्ध्यावर आणा.

सुई कडेला काटकोनात शिरवा आणि तिच्या बाकाप्रमाणे फिरवत बाहेर काढा. सरळ ढकललीत तर भोक फाटून मोठं होतं. सुईचं भोक मुळातच दोऱ्याच्या तीन-चार पट रुंद असतं, ते आणखी वाढलं की खऱ्या धमनीत तिथून गळती लागते.

दोरा ओढतानाची युक्ती उजव्या हाताइतकीच डाव्या हातावर अवलंबून आहे. सुई ओढताना ती दिसण्याच्या क्षेत्राबाहेर जाते. तिच्या मागे जाऊ नका. नजर दोऱ्याच्या छोट्या शेपटीवर ठेवा. डाव्या फोर्सेप्सची टोकं किंचित उघडी ठेवून टाका बाहेर पडतो तिथे टेकवा आणि दोरा त्यांच्यामधून सरकू द्या, म्हणजे ओढ सरळ रेषेत राहते आणि कडेला झटका बसत नाही. शेपूट २-३ मिमी उरली की थांबा. शेपूट लांब ठेवली तर गाठ मारताना तिचं टोक पकडायला दूर जावं लागतं. नवख्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो.

गाठ: डाव्या फोर्सेप्सने लांब दोरा धरा, उजव्या नीडल होल्डरच्या टोकाभोवती एक वेढा द्या, उजव्याने छोटं टोक पकडा, दोन्ही हात विरुद्ध दिशांना न्या. दुसरा वेढा उलट दिशेने. तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. दुसरा वेढा पहिल्याच दिशेने दिलात तर गाठ चपटी बसत नाही, दोऱ्यावर तिरकी उभी राहते आणि सरकते. पहिला वेढा कडा जेमतेम भेटेपर्यंतच आवळायचा. कडा चुरगळल्या दिसल्या की जास्त आवळलं. गाठीबाहेर अर्धा ते एक मिमी दोरा ठेवून कापा.

रबरावर किती दिवस? सलग १० टाके सारख्या अंतरावर, काटकोनात आणि कडा न चुरगळता पडेपर्यंत. घड्याळ लावू नका. वेग आपोआप येतो, आणि घाईने शिकलेला वाकडा टाका तसाच पक्का होतो.

४. सिलिकॉनची नळी

आधी २ मिमी, मग १ मिमी आतल्या व्यासाची, पारदर्शक. नळीतून पलीकडची भिंत दिसते, त्यामुळे मागची भिंत टाक्यात कशी अडकते हे इथे डोळ्यांसमोर घडताना पाहता येतं. तेवढ्यासाठीच हे मॉडेल वापरा. नळीची भिंत खऱ्या धमनीपेक्षा कडक असते, कडा आपोआप उघड्या राहतात, सुया लवकर बोथट होतात. क्लॅम्प लावून दोन टोकं जोडायचा क्रम, क्लॅम्प उलटवणं, मागची बाजू पुढे आणणं हे हाताला बसलं की पुढे चला. यावर महिनोन्‌महिने काढण्यात अर्थ नाही.

५. कोंबडीची मांडी

पहिल्या वर्षातला बहुतेक सराव इथे व्हावा. मांडी हाडासकट आणि ताजी घ्या, ४ अंशांवर ठेवली तर दोन-तीन दिवस चालते. गोठवलेली मांडी वितळवून वापरता येते, पण भिंतीचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि इंटिमा (सर्वांत आतला थर) सोललेली दिसते. मग ती चूक तुमची की गोठवण्याची, हे ठरवता येत नाही.

धमनी शोधणं: मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला, स्नायूंच्या दोन थरांच्या मधल्या फटीत बोथट टोकाने शिरा. जाड पांढरी सायटिक नस (नर्व्ह) आधी भेटते. तिच्याच सोबत धमनी आणि शीर धावतात. पक्ष्यांत पायाची मुख्य धमनी इस्कियाटिक असते, पण सरावाच्या लिखाणात तिला सर्रास फिमोरल म्हटलेलं आढळेल, त्याने गोंधळू नका. व्यास साधारण १.५ ते २.५ मिमी. त्याहून बारीक हवी असेल तर पंखातली दंडाची धमनी घ्या. ती १ ते १.५ मिमीच्या आसपास असते आणि टोकाकडे आणखी बारीक होत जाते.

धमनी सोडवताना तिच्या भिंतीला कधीही आरपार चिमटा लावू नका. धरायचं ते फक्त बाहेरचं सैल ॲडव्हेंटिशिया. फांद्या दिसल्या तर ओढून तोडू नका, बांधा आणि मग कापा. हाही सरावच आहे. खाली रंगीत प्लास्टिक सरकवा, क्लॅम्प लावा, मध्ये एका फटक्यात काटकोनात कापा. क्लॅम्पच्या दोन पट्ट्या एवढ्या जवळ आणा की टोकांमध्ये धमनीच्या व्यासाच्या निम्म्याइतकी फट राहील.

आता टोकावरचं ॲडव्हेंटिशिया पुढे ओढा, बाहीसारखं धमनीच्या तोंडापलीकडे आणा, आणि तोंडाच्या रेषेत कापून टाका. सोडलं की उरलेला भाग मागे सरकतो आणि एक-दोन मिमी स्वच्छ भिंत उघडी पडते. ते नीट काढलं नाही तर त्याचे धागे टाक्याबरोबर ल्युमेनमध्ये (धमनीच्या आतल्या पोकळीत) जातात, आणि जिवंत माणसात नेमके तिथेच रक्त गोठायला लागतं. मात्र पार खरवडूनही काढू नका, भिंत कमजोर होते. सलाईनने आतलं रक्त धुऊन काढा आणि बंद फोर्सेप्स तोंडात घालून हलकेच उघडून ते थोडं रुंद करा.

टाक्यांचा क्रम: पहिले दोन टाके एकमेकांसमोर, १८० अंशांवर. त्यांची शेपटं लांब ठेवा, ओढून धरायला उपयोगी पडतात. मग पुढच्या भिंतीच्या बरोबर मध्ये एक, आणि उरलेल्या जागांत एकेक. क्लॅम्प उलटवा. मागच्या भिंतीचे टाके घालण्याआधी उघड्या फटीतून आत डोकावून पुढचे टाके आतून तपासा, ही संधी पुन्हा मिळत नाही. दुसरी पद्धत पहिले दोन टाके १२० अंशांवर घालायची. त्यात मागची भिंत आपोआप लोंबते आणि पुढच्या टाक्यात अडकण्याची शक्यता कमी होते. तीन टाक्यांनी त्रिकोण करून रक्तवाहिनी जोडायची कॅरेल यांची पद्धत १९०२ सालची. दोन्ही पद्धती करून पाहा, पण एक पक्की होईपर्यंत दुसरीकडे वळू नका.

टाका कडेपासून किती आत? धमनीत भिंतीच्या जाडीच्या दीड ते दोन पट. शिरेची भिंत पातळ असल्याने तिथे थोडा जास्त. सुई आत शिरताना डाव्या फोर्सेप्सची टोकं ल्युमेनमध्ये ठेवून आतून आधार द्या, भिंत चिमटीत धरू नका. १ मिमीच्या धमनीला साधारण ८ टाके पुरतात. शेवटचे दोन टाके लगेच गाठू नका. दोन्ही दोरे घालून ठेवा, फटीतून आत पाहा, मग गाठी मारा.

शीर जोडताना भिंत चिकटून बसते आणि तोंड कुठे आहे तेच कळत नाही. सलाईन टाकून तोंड पाण्याखाली ठेवलं की ते तरंगून उघडतं.

मांडी वाया घालवू नका. धमनी झाल्यावर सायटिक नस कापून एपिन्यूरियमचे (नसेच्या बाहेरच्या आवरणाचे) ४ ते ६ टाके घाला. कडेतून आतले धागे फुगून बाहेर येत असतील तर टाके जास्त आवळले गेले आहेत.

६. जोडणी चिरून आतून पाहा

क्लॅम्प काढा. जोडणीच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिमी सोडून धमनी कापून घ्या. दोन टाक्यांच्या मधून उभी चिरा, उलगडा, आतली बाजू वर करून टाचण्यांनी सपाट लावा. २० पटीत पाहा आणि फोटो काढा. प्रत्येक चूक घड्याळाच्या काट्याप्रमाणे नोंदवा: ४ वाजता तिरका टाका, ७ वाजता जास्त अंतर. पाच-सहा जोडण्यांनंतर दिसेल की चुका ठरावीक जागीच होतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या त्या बहुधा सुई उलटी चालवावी लागते त्या बाजूला असतात.

काय दिसलं आणि का:

- टाके सारख्या अंतरावर नाहीत. बहुतेकदा पहिले दोन टाकेच १८० अंशांवर पडले नाहीत, पुढचे सगळे त्या चुकीला सावरत बसले. दुरुस्ती तिसऱ्या टाक्यात होत नाही, पहिल्या दोनांत करा.
- टाका तिरका आहे. सुई पहिल्या कडेतून काढून तशीच दुसऱ्या कडेत घातली, मध्ये तिची दिशा पुन्हा पाहिली नाही.
- एका कडेला मोठा घास (टाक्यात आलेली भिंत), दुसऱ्या कडेला छोटा. जवळची कड नीट दिसते, दूरची नाही. डाव्या फोर्सेप्सने दूरची कड उलटवून आतून पाहा.
- टाका भिंतीच्या अर्ध्याच जाडीतून गेला, इंटिमा सुटली. सुई तिरपी शिरली. बाहेरून हे अजिबात दिसत नाही.
- मागची भिंत अडकली. गाठ आवळण्याआधी बंद फोर्सेप्स ल्युमेनमध्ये सरकवून पाहायची सवय लावा.
- कडा एकमेकींवर चढल्या किंवा आत वळल्या. घास मोठे आणि गाठी घट्ट.
- ल्युमेनमध्ये धागा लोंबतोय. दोऱ्याचं कापलेलं टोक किंवा ॲडव्हेंटिशिया.
- टाक्याभोवती भिंत फाटली. दोरा ओढताना झटका बसला किंवा धमनीची टोकं एकमेकांपासून फार दूर ठेवून ओढूनताणून आणली.

अशाच चुका मोजणारी 'ॲनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स' नावाची पद्धत २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात चुकांचे १० प्रकार आहेत आणि गुण फक्त उघडलेल्या जोडणीवरून दिले जातात. तुमच्या प्रयोगशाळेत ती वापरत असतील तर तीच वापरा, म्हणजे आकडे इतरांशी जुळवता येतील. दुसऱ्या कोणाला फोटो दाखवून गुण द्यायला सांगितलं तर आणखी चांगलं. आपली जोडणी आपल्याला नेहमी थोडी जास्त आवडते.

७. प्रवाह जोडायचा, पण कशासाठी ते ओळखून

धमनीच्या वरच्या टोकात २४ गेजची कॅन्युला बांधा, रंग मिसळलेल्या सलाईनची पिशवी लावा. पिशवीतली पातळी धमनीपेक्षा सुमारे १३६ सेमी उंच असेल तर दाब १०० मिमी पाऱ्याइतका मिळतो. पंप नसला तरी चालतं. पिशवी आधी कमी उंचीवर ठेवून प्रवाह सोडा, मग उंची वाढवा.

इथे एक सापळा आहे. मेलेल्या ऊतीत रक्त गोठत नाही, त्यामुळे जिवंत शरीरात काही मिनिटांत थांबलं असतं ते पाझरणंही इथे चालूच राहतं. प्रत्येक थेंबाला एक टाका घालत गेलात तर १ मिमीच्या धमनीला १४ टाके घालायची सवय लागेल, आणि प्रत्येक जादा टाका म्हणजे ल्युमेनमध्ये जादा दोरा. चिळकांडी उडत असेल तर टाका घाला. पाझरत असेल तर नोंद करा आणि सोडा.

उलट बाजूही लक्षात ठेवा: रंगीत पाणी पलीकडे पोचलं म्हणजे जोडणी चांगली, असं नाही. अर्धं ल्युमेन बंद असलं तरी पाणी जातं. त्यामुळे प्रवाहाची चाचणी झाल्यावरही सहावी पायरी टाळू नका.

बाजूला जोडणी, म्हणजे एंड-टू-साइड, याच टप्प्यावर सुरू करा. भिंतीतलं भोक एकदाच, स्वच्छ, जोडायच्या टोकाइतक्याच लांबीचं. टाच आणि बोट, म्हणजे दोन टोकांचे टाके आधी घालायचे, मग मागची बाजू, शेवटी पुढची. भोक मोठं झालं तर ते लहान करता येत नाही.

८. प्लॅसेंटा आणि पांढरा उंदीर

न्यूरोसर्जरीकडे जाणाऱ्यांना मानवी प्लॅसेंटा फार उपयोगी. एकाच पृष्ठभागावर वेगवेगळ्या व्यासांच्या धमन्या आणि शिरा मिळतात आणि नाळेतल्या दोन धमन्या व एका शिरेतून प्रवाह देता येतो. पृष्ठभागावर धमन्या शिरांच्या वरून जातात, त्यावरून दोन्ही ओळखा. आधी लागणारे कागद: आईची लेखी संमती, संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी चाचण्यांचे अहवाल. अहवाल नकारात्मक असले तरी हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

उंदीर सर्वांत शेवटी. त्याची फिमोरल धमनी साधारण १ मिमी किंवा किंचित कमी. रक्तस्राव, आकुंचन पावणारी धमनी आणि गोठणं या तीनच गोष्टी तो शिकवतो, ज्या आधीच्या कुठल्याच मॉडेलवर मिळत नाहीत. टाका कसा घालायचा हे शिकायला त्याच्याकडे जाऊ नका. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेलं सूत्र, म्हणजे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, इथे नियम म्हणून लागू असतं. प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी, भूल देणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि देखरेख करणारा शिक्षक यांच्याशिवाय सुरुवात होत नाही. आमचा निकष असा: मांडीवरच्या सलग तीन जोडण्या चिरल्यावर मागची भिंत अडकलेली नाही, ल्युमेनमध्ये धागा नाही आणि भिंत फाटलेली नाही असं दिसलं की मगच अर्ज करावा.

जोडणी चालू आहे का हे पाहायची रिकामी करून भरण्याची चाचणी जिवंत धमनीवरच शिकता येते. जोडणीच्या पुढे दोन फोर्सेप्सनी धमनी हलकेच दाबा, पुढचा फोर्सेप्स दाबूनच पुढे सरकवत मधला भाग रिकामा करा, मग जोडणीकडचा सोडा. लगेच भरली तर ठीक. एकदाच करा, चाचणीही भिंतीला इजा करते. क्लॅम्प काढल्यावर १५-२० मिनिटांनी पुन्हा पाहा, कारण गुठळी लगेच दिसत नाही.

९. किती वेळ, किती अंतराने

एका बैठकीत ४५ मिनिटं ते एक तास, मध्ये डोळे उचलून दूर बघायची विश्रांती. आठवड्यातून दोनदा तासभर बसणं हे महिन्यातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा चांगलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत ३८ रेसिडेंट डॉक्टरांना अशीच बारीक रक्तवाहिन्यांची जोडणी शिकवली होती: निम्म्यांना चार सत्रं एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्याभराने जिवंत उंदरावर परीक्षा घेतली तेव्हा अंतराने शिकलेले पुढे होते. "दोन दिवसांची कार्यशाळा केली की झालं" असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कार्यशाळा सुरुवातीला उपयोगी, पण तिथून परतल्यावर आठवड्याभरात रबर पुढ्यात घेतलं नाही तर हात पुन्हा होता तिथे येतो.

वहीत प्रत्येक वेळी एवढंच लिहा: मॉडेल, व्यास, दोरा, टाक्यांची संख्या, लागलेला वेळ, आतून दिसलेल्या चुका. वेळ लिहायचा, पण त्याच्या मागे लागायचं नाही.

१०. हत्यारं सांभाळा

फोर्सेप्सचं टोक टेबलावर एकदा आपटलं की ते संपलं. आठवड्यातून एकदा २० पटीत टोकं तपासा: ती बंद केल्यावर पूर्ण जुळली पाहिजेत आणि १०-० चा दोरा न घसरता धरला गेला पाहिजे. मायक्रो कात्रीने कागद, चिकटपट्टी किंवा जाड दोरा कापू नका. काम संपताच वाळायच्या आत डिस्टिल्ड पाण्यात धुवा, एन्झाइमच्या द्रावणात ठेवा, मऊ ब्रशने स्वच्छ करा, टोकांवर टोप्या घालून सिलिकॉनच्या ट्रेमध्ये एकेक वेगळी ठेवा. कोंबडीच्या मांसावर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात, त्यामुळे टेबल जंतुनाशकाने पुसा आणि हात साबणाने धुवा. सरावाची हत्यारं आणि ओटीतली हत्यारं कधीही एकत्र करू नका. सरावाच्या संचावर रंगीत पट्टी लावून ठेवा. सुया मोजून धारदार वस्तूंच्या डब्यातच टाका. आणि सुई फोर्सेप्सला आपोआप चिकटायला लागली, सोडली तरी सुटत नसली, तर टोकं चुंबकली आहेत: डीमॅग्नेटायझरमधून एकदा फिरवून घ्या.